थोरलीचा ठोका

आमच्या घरात आम्ही दोघी नांदतो. थोरली जिन्याखाली उभी असते, फरशीवर तेल गाळते आणि मनात आलं की अख्ख्या गल्लीची झोपमोड करते. धाकटी म्हणजे मी. ती मोटरसायकल माझ्या लग्नाच्या आधी या घरात आली, म्हणून ती थोरली, हा आमच्या ह्यांचा विनोद. गेली तीस वर्षं ते तो प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि प्रत्येक वेळी मी चहाचं निमित्त करून आत जाते.

हे म्हणजे जयसिंग इंगवले, कोल्हापुरातल्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. मी उज्ज्वला. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंपनमापन विभागाची प्रमुख. म्हणजे थरथर मोजणं हा माझा धंदा, आणि थरथरणारं इंजिन हे माझ्या नवऱ्याचं पहिलं प्रेम. आमचं कसं चाललं असेल याची कल्पना आलीच असेल.

आमचा कारखाना जाणमूठ बनवतो. आता रस्त्यावरच्या बहुतेक दुचाक्या विजेच्या, आणि प्रत्येकीच्या हँडलला जाणमूठ असते. दिसायला साधी रबरी मूठ. पण रबराखाली एक पातळ पापुद्रा असतो, आणि तळहाताचा दाब तो सेकंदाला शेकडो वेळा टिपतो. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. धडधाकट माणसाचाही हात अगदी बारीक आणि भराभर थरथरतो, इतका की डोळ्यांना दिसत नाही. काही आजारांत मात्र थरथर मोठी आणि संथ होते, सेकंदाला साधारण पाच हेलकावे, आणि गंमत म्हणजे हात कामात असताना नाही, तर विसावलेला असताना ती जास्त जाणवते. म्हणून जाणमूठ चालकाचा हात तपासते तो गाडी सिग्नलला उभी असताना. विजेची मोटर तेव्हा गप्प असते आणि मुठीवर फक्त हात असतो. काही खटकलं तर गाडी मंजुळ आवाजात चौकशी करते, आणि तरीही खटकत राहिलं तर घरच्यांना कळवते. या मुठीमुळे किती तरी लोकांचे आजार डॉक्टरांच्या आधी कळले. मला या कामाचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

गुढीपाडव्याला कारखान्याने मला अशी एक कोरी गाडी दिली. मी हौसेने ती ह्यांच्या हवाली केली. त्यांनी ती आठवडाभर कशीबशी चालवली आणि एक दिवस तणतणत घरी आले.

"ही बया मला सिग्नलला विचारती, तुमचं बरं हाय का म्हणून!"

"अहो, हात नवा असला की पहिला आठवडा ती सगळ्यांनाच विचारते."

"मला विचारायचं असलं तर तू विचार. गाडीनं कशाला विचारायचं?"

त्या दिवसापासून नव्या गाडीवर जुनं पांघरूण पडलं. पुन्हा जिन्याखालून धूर यायला लागला. पेट्रोल आता शहरात दोनच पंपांवर मिळतं, तेही रांगेत उभं राहून, पण ह्यांना त्या रांगेत उभं राहायला देवळात गेल्यासारखं वाटतं. मी बोलून बोलून थकले. उत्तर ठरलेलं.

"एक सिलिंडर, एक कार्बोरेटर, एक प्लग. हिच्यात जे बिघडतं ते डोळ्याला दिसतं, हाताला लागतं. पाना घेतला की काम झालं. हिच्यात लपवालपवी न्हाई बघ."

हे वाक्य मी पुढे फार वेळा आठवलं.

तसं ह्यांनी वर्षभरात मला वैताग द्यायचे नवनवे मार्ग शोधून काढले होते. एकदम दाढी वाढवली. जन्मभर गुळगुळीत तोंडाने फिरलेला माणूस, म्हणे आता चित्रकार दिसायला हवा. बशीतून फुर्रकन चहा प्यायची सवय मी तीस वर्षं सोडवत होते, ती आपोआप सुटली आणि अर्धा कप चहाच हवा असं सुरू झालं. "पूर्ण दिलास तर गार होतोय." कडक इस्त्रीचे शर्ट कपाटात गेले आणि कॉलेजातल्या पोरांसारखे बिनगुंड्यांचे टी-शर्ट आले. दर दसऱ्याच्या आधी थोरलीच्या टाकीवरची सोनेरी रेघ ते बारीक ब्रशने नव्याने ओढायचे. पट्टी नाही, खडूची खूण नाही, एका दमात. या वर्षी म्हणाले, "असू दे जुनीच, बरी हाय."

शिवाय थोरलीच्या ठोक्याचं खूळ होतंच. कार्बोरेटरचा स्क्रू हळूहळू ढिला करून त्यांनी उभ्या गाडीचं इंजिन इतकं संथ केलं होतं की ते एकेक ठोका सुटा टाकायचं. गल्लीतले लोक थांबून ऐकायचे. "मास्तर, काय ठोका लावलाय!" मास्तर फुशारायचे. आणि मग भर चौकात ते संथ इंजिन बंद पडायचं. मी मागे बसलेली, साडी सावरत, आणि हे किका मारतायत.

"अहो, तो स्क्रू जरा आवळा!"

"तुला त्यातलं काय कळतंय?"

मला काय कळतंय! मी त्यातलंच शिकले आहे, त्याचाच पगार घेते, आणि माझ्याच घरात मला हे ऐकावं लागतं.

पावसाळा सुरू होता होता नवा नियम आला. दिवाळीनंतर जाणमूठ नसलेली कुठलीही गाडी हमरस्त्यावर येणार नाही. लोक अशा गाड्यांना मुक्या गाड्या म्हणायला लागले. ह्यांनी दोन दिवस सरकारला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी आमचे साहेब, निंबाळकर, माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, जुन्या इंजिनांसाठी जाणमूठ काढायची आहे. तुमच्याकडे ती जुनी गाडी आहे ना?"

जुन्या गाडीची अडचण सरळ होती. ती उभी असतानाही इंजिन हादरत असतं, त्यामुळे मुठीला हात आणि इंजिन यांतला फरक कळत नाही. त्यावर आम्ही एक चाळणी तयार केली, अर्थात गणिताची. एक छोटा संवेदक इंजिनावर बसतो आणि त्याचा ठोका मोजतो. मुठीवर आलेल्या एकूण थरथरीतून चाळणी तो ठोका वजा करते. उरतो तो हात. कागदावर तरी सगळं ठीक दिसत होतं.

गाडी कारखान्यात न्यायची म्हटल्यावर ह्यांनी आधी आकांडतांडव केलं. मग थोरलीला वाचवायचा हाच एक रस्ता आहे हे ध्यानात आलं आणि गुपचूप किल्ली काढून दिली. चालवायला मात्र दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारल्या, आम्ही सांगू तिथे थांबले, आणि संथ ठोक्यावर मुठी धरून बसले. निकाल इतका स्वच्छ आला की निंबाळकरांनी टाळीच वाजवली.

"मॅडम, मास्तरांचा हात म्हणजे विशीतल्या पोराचा हात!"

ह्यांनी दाढीतून हसून घेतलं. आता माझी सही, मग सरकारी शिक्का, आणि दिवाळीपर्यंत जुन्या इंजिनांची मूठ बाजारात. थोरली वाचली म्हणून घरी येताना ह्यांनी पेढे घेतले. वैतागले होते तरी मीही दोन खाल्ले.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा असते. यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदीकुंकू लावून ठेवतात. आमच्याकडे रिवाज कडक आहे. एकदा पूजा झाली की त्या दिवशी कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही, बटणसुद्धा दाबायचं नाही. थोरलीही मान देऊन बोलावली होती. सकाळी मी तिच्यावरची जोडणी तपासत होते, तेवढ्यात भटजी आले, मंत्र सुरू झाले, आणि नोंद घेणारं यंत्र चालूच राहिलं. ध्यानात आलं तेव्हा त्यावर फूल पडलेलं होतं. बंद करायला हात पुढे केला तर निंबाळकर डोळे वटारून म्हणाले, "मॅडम, आज नाही." बॅटरी भरलेली होती. राहू दे म्हटलं.

प्रसाद, फोटो, गप्पा. मला उशीर होत होता, म्हणून हे बंद गाडीवर बसून राहिले, दोन्ही हात मुठींवर, गळ्यात कुणीतरी घातलेली झेंडूची माळ. नंतर आम्ही कारखान्याच्या बसने घरी आलो.

दसऱ्याच्या सुटीनंतर मी ती नोंद उघडली, ती निव्वळ पुसून टाकायला. इंजिन बंद होतं, म्हणजे सरळ रेघ दिसायला हवी होती. दिसली ती लाट. एकसारखी, संथ, सेकंदाला पाच.

मी आधी संवेदकावर चिडले. मग जोडणी करणाऱ्यावर, म्हणजे स्वतःवरच. तारा बदलल्या, दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिलं. शेजारचा कॉम्प्रेसर असेल म्हटलं, पण त्या दिवशी पूजेमुळे अख्खा कारखाना मुका होता. कुठेही काही हलत नव्हतं. हलत होती फक्त मुठींवर ठेवलेली एक वस्तू, आणि ती माझ्या नवऱ्याची होती.

मग मी थोरलीच्या संथ ठोक्याची नोंद तिच्या शेजारी ठेवली. तीही सेकंदाला पाच. आमची चाळणी इंजिनाचा ठोका वजा करत होती आणि त्याबरोबर त्याच लयीतला हातही वजा करत होती. विशीतल्या पोराचा हात उरला होता तो असा.

मी खुर्चीत बसून राहिले. दाढी, कारण वस्तरा धरता येत नव्हता. अर्धा कप, कारण भरलेला सांडला असता. टी-शर्ट, कारण गुंड्या लागत नव्हत्या. सोनेरी रेघ. नव्या गाडीवरचं पांघरूण. जगाची थरथर मी मोजते, आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून माणूस वर्षभर माझ्यासमोर अर्धा कप चहा पीत होता. मला रडू आलं नाही, संताप आला. इतका, की घरी जाताना रिक्षावाल्यानेही गप्प बसणं पसंत केलं.

हे स्वयंपाकघरात पेपर वाचत होते. पेपर टेबलावर पसरून. हातात धरायचा सोडला होता, तेही मला आत्ता दिसलं.

"हात दाखवा," मी म्हटलं.

"कशाला? भविष्य बघतीस काय?"

"टेबलावर ठेवा. आणि सैल सोडा."

त्यांनी हात काखेत घातले. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच उजवा हात टेबलावर ठेवला. थोडा वेळ काही झालं नाही. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायला लागले, तंबाखू मळल्यासारखे, त्यांना न विचारता.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या गणपतीपासनं. मंडळाच्या मूर्तीचे डोळे रंगवायला बसलो हुतो. जमलं न्हाई. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगितलं आणि उठून आलो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू दिवसभर हेच मोजतीस की गं," ते म्हणाले. "म्हटलं, घरात तरी कुणी मोजू नये."

मी विचारलं, "आणि तो ठोका? तो मुद्दाम लावला होता?"

"पहिल्यांदा न्हाई. सहज स्क्रू फिरवत बसलो हुतो. एका जागी आलो आणि हात थांबला. म्हणजे थांबला न्हवता, ते मलाबी कळतंय. पण कोण हलतंय, ती का मी, तेच कळंना. तेवढा वेळ बरं वाटायचं बघ."

मी ओट्याकडे वळले आणि उगाचच गॅस पुसायला लागले. माझ्या नवऱ्याला बरं वाटायला चार मणांचं लोखंड लागत होतं आणि मी त्याला स्क्रू आवळायला सांगत होते.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं," मी म्हटलं. "आणि दुसरं. त्या चाळणीवर मी सही करणार नाही."

आता ते ताडकन उठले. "म्हणजे? थोरली भंगारात घालणार हाईस?"

"सही केली तर तुम्ही जन्मभर चालवाल आणि कुठल्याही मुठीला कळणार नाही."

"मग कर की! मी सांगतोय का कुणाला?"

"आणि दुसऱ्या कुणाचा हात असा असला तर? त्याच्यामागे त्याची बायको बसलेली असेल. ऐन वेळी ब्रेक दाबला गेला नाही तर?"

"तू बसतीस की माझ्या मागं. काय झालं काय आजवर?"

"चौकात तीनदा बंद पडली!"

"ती इंजिनानं पडली!"

"अहो, इंजिनाला संथ कुणी केलं?"

ते जिन्याखाली जाऊन बसले. गाडी कारखान्यात होती, तरी रिकाम्या जागेपाशी जाऊन बसले. त्यांच्या त्या पाठीकडे पाहून मला जी कीव आली, तिचाही मला रागच आला.

डॉक्टरांनी तेच सांगितलं जे ती लाट सांगत होती. गोळ्या दिल्या, व्यायाम दिला, बराच काळ चांगलं चालेल म्हणाले, आणि दुचाकी सध्या नको म्हणाले. निंबाळकरांना मी नोंद दाखवली. ते आधी लाटेवर, मग माझ्यावर, मग खंडेनवमीवर चिडले.

"मॅडम, चालकाचं नाव गाळून टाकू. एका नोंदीसाठी अख्खी दिवाळी घालवायची?"

"नाव इंगवले आहे. गाळू नका. आणि मूठ आता इंजिन सुरू व्हायच्या आधी हात तपासेल. हात ठीक असेल तरच ठिणगी पडेल."

"लोक वैतागतील."

"वैतागू देत. मी तीस वर्षं वैतागते आहे, मला काही झालं नाही."

दिवाळी गेली. थोरली आठ आठवडे कारखान्यात पडून होती आणि हे माझ्याशी फक्त मीठ, भाजी आणि गोळ्या एवढ्यावरच बोलत होते. चहा मात्र मी मोठ्या पेल्यात अर्धाच द्यायला लागले. मार्गशीर्षात नवी चाळणी मंजूर झाली, पहिली मूठ थोरलीवर बसली, आणि कारखान्याच्या टेम्पोतून ती घरी आली.

रविवारी सकाळी मी साडीऐवजी सलवार कमीज घातली आणि किल्ली उचलली.

"कुठं निघालीस?"

"रंकाळ्याला. तुम्ही मागे बसणार आहात."

"तू? थोरली? अगं, हिचा गिअर उजव्या पायात हाय, ब्रेक डाव्या!"

"माहीत आहे. तीस वर्षं मागे बसून हेच बघितलंय."

हात मुठींवर ठेवले. हिरवा दिवा लागला. मग किक. किक उलटून पोटरीवर बसली आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही.

"तशी न्हाई! आधी दाब बघ. पायाला जड लागंस्तवर हळू खाली घे. आता दाब सोडायची ती लिव्हर धर, किक थोडी पुढं सरकव. आता मार! अगं मार म्हणजे मार, देवाला नमस्कार करतीस काय?"

मी मारली. बंद. पुन्हा मारली. बंद. गल्लीतली दारं उघडली. कुणी सल्ला दिला, कुणी नुसतं बघितलं. हे डोक्याला हात लावून, "काय कळतच न्हाई ह्या बाईला" असं पुटपुटत होते, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज असा खणखणीत लागला होता. चौथ्या किकेला थोरली जागी झाली. तोच तो संथ ठोका. एकेक, सुटा. दुसऱ्याच क्षणी आचका देऊन बंद पडायच्या बेतात आली.

हे वाकले. खिशातून लहान स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत बसेना, हात हलत होता, ते घसरून बाजूला जात होतं. मी काही केलं नाही. मुठी धरून समोर बघत राहिले. एकदाचं टोक खाचेत बसलं आणि त्यांनी स्क्रू आवळला. एक पीळ, मग आणखी अर्धा. ठोके जवळ आले, भराभर पडायला लागले. गल्लीला आवडणारा तो मास्तरांचा ठोका गेला. आता साधं, चांगलं चालणारं एक जुनं इंजिन तेवढं उरलं.

"आता न्हाई बंद पडायची," ते म्हणाले आणि मागे चढले.

त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर आला. मुठींत इंजिन भराभर धडधडत होतं, आणि खांद्यावर दुसरं काहीतरी होतं, संथ, त्याच्या स्वतःच्या लयीत. दोन्ही अगदी वेगळी कळत होती.

"मोजतीयास?" त्यांनी मागून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. खरंच मोजत नव्हते. "घट्ट धरा."

त्यांनी खांदा घट्ट धरला. मी क्लच दाबला, देवाचं नाव घेतलं आणि पूर्ण आत्मविश्वासाने डाव्या पायाने गिअर टाकला.

"अगं ए बये," मागून आवाज आला, "त्यो ब्रेक हाय!"